डोळ्याचे मूल, कानाचे मूल : ‘अध्ययन शैली’ ही कल्पना आली कुठून?

पालकसभेत हल्ली एक वाक्य सर्रास कानावर पडते : ‘आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला वाचून काही कळत नाही.’ बी.एड.च्या नोट्समध्ये, प्रशिक्षणाच्या स्लाइडवर, खासगी क्लासच्या जाहिरातीत तीच विभागणी भेटते : दृक्, श्राव्य, कृतिप्रधान. मुलाचा प्रकार ओळखायचा, त्या प्रकाराने शिकवायचे, की झाले काम.

या कल्पनेत दोन वेगळ्या विचारांची सरमिसळ झाली आहे. एक विचार म्हणतो, प्रत्येक मुलाला डोळे, कान, हात, जीभ या सगळ्यांनी शिकू द्या. दुसरा म्हणतो, प्रत्येक मुलाचे एकच इंद्रिय बलवान असते, तेवढेच धरा. पहिला विचार आजही उभा आहे, दुसरा तपासणीत नापास झाला. वर्गात मात्र दोन्हींचे सामान सारखेच दिसते : चित्रे, काड्या, गाणी. म्हणून ही गल्लत इतकी वर्षे खपून गेली.

पहिल्या विचाराची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आहेत. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांसाठी एदुआर सेगाँ यांनी स्पर्श, दृष्टी आणि हालचालींचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले. मारिया माँटेसरी यांनी ते अभ्यासले आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या गरीब वस्तीत उघडलेल्या बालगृहात सर्वसाधारण मुलांसाठी वापरले. त्यांची काचकागदाची अक्षरे प्रसिद्ध आहेत. गुळगुळीत पाटीवर खरखरीत अक्षर चिकटवलेले असते. मूल तर्जनी आणि मधल्या बोटाने, ज्या दिशेने लिहायचे त्याच दिशेने ते गिरवते, आणि त्याच क्षणी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारला जातो. डोळा, कान, बोट एकाच वेळी कामाला लागतात. मूल कोणत्याही दिशेने बोट फिरवू लागले तर हा सगळा खटाटोप वाया जातो, कारण हाताला चुकीचे वळण पडते आणि ते मोडायला वेळ लागतो.

आपल्याकडे हा विचार रुजवण्यात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचा वाटा मोठा. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले. महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी तिथे शिंपले, खडे, बिया, पाने आली. यात कुणीही ‘हे स्पर्शाचे मूल, हे कानाचे मूल’ अशी वाटणी केली नव्हती. बिया सगळ्यांनीच मोजायच्या होत्या.

अमेरिकेत १९२०च्या दशकात ग्रेस फर्नाल्ड यांनी लॉस एंजेलिसला वाचनात अडकलेल्या मुलांसाठी गिरवण्याची पद्धत बसवली. मुलाने विचारलेला शब्द शिक्षक कागदाच्या लांब पट्टीवर जाड खडूने ठळक लिहितो. मूल त्यावर थेट बोट ठेवून गिरवते (काठी किंवा पेन्सिल नाही) आणि गिरवता गिरवता शब्दाचे भाग मोठ्याने म्हणते. न बघता लिहिता येईल असे वाटेपर्यंत हे चालते. मग पट्टी बाजूला ठेवून अख्खा शब्द आठवणीतून लिहायचा. चुकला तर खोडून एखादे अक्षर दुरुस्त करायचे नाही, पूर्ण शब्द पुन्हा गिरवायचा आणि पुन्हा लिहायचा. तुकड्यातुकड्याने दुरुस्त केलेला शब्द हाताला एकसंध बसत नाही, हे त्यामागचे कारण. ‘दृक्-श्राव्य-कृती’ ही त्रयी अशाच उपचारात्मक कामातून पुढे आली. पण तिथे ती एकाच मुलाला एकाच वेळी दिली जात होती. तीन प्रकारच्या मुलांना तीन वेगवेगळे डोस देणे हा नंतरचा शोध.

दुसऱ्या विचाराचे मूळ वेगळे. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितले : चित्र किती स्पष्ट दिसते, रंग दिसतात का? काहींना ते लख्ख दिसले, तर काही शास्त्रज्ञ म्हणाले की त्यांना चित्र असे काही दिसतच नाही. माणसामाणसांत फरक असतो हे खरेच निघाले. त्यावरून ‘चित्राचे लोक, आवाजाचे लोक, हालचालीचे लोक’ अशा वर्गवाऱ्या निघू लागल्या. फरक असतो म्हणजे शिकवण्याची पद्धतही वेगळी हवी, ही पुढची उडी मात्र तेव्हा कुणी तपासून घेतली नव्हती.

ती तपासणी पहिल्यांदा नेटाने केली ली क्रॉनबाख यांनी. १९५७ मध्ये त्यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे प्रश्न टाकला : कोणत्या क्षमतेच्या माणसाला कोणती पद्धत लागू पडते? वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, रिचर्ड स्नो यांच्याबरोबर त्यांनी जो ताळेबंद मांडला, तो निराश करणारा होता. भरवशाच्या जोड्या फार थोड्या सापडल्या. वारंवार दिसली ती एक साधी गोष्ट : ज्यांची पूर्वतयारी कच्ची आहे त्यांना बांधीव, टप्प्याटप्प्याचे शिकवणे जास्त उपयोगी पडते, पक्की तयारी असलेल्यांना मोकळीक चालते. या विषयातले सर्वांत कामाचे वाक्य कदाचित हेच असेल, पण त्याचे पोस्टर कधी छापले गेले नाही.

त्याच काळात शैलींचा बाजार मात्र फुलत होता. रीटा आणि केनेथ डन यांनी प्रकाश, तापमान, आवाज यांच्या आवडीही शैलीत धरल्या. डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचे चक्र मांडले आणि त्यावरून शिकणाऱ्यांचे चार प्रकार केले. १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत आला. त्याला शैलींच्या यादीत कोंबले गेले, तेव्हा गार्डनर यांना स्वतःच सांगावे लागले की या दोन गोष्टी एक नव्हेत. १९८७ मध्ये न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात नील फ्लेमिंग यांनी ‘व्हार्क’ ही शिकण्याच्या आवडी विचारणारी प्रश्नावली तयार केली. वाचन-लेखनाला त्यांनी चित्रांपासून वेगळे काढले आणि चार प्रकार केले. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाकडे जरा वळून पाहावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. निदान-चाचणी म्हणून तिचा वापर पुढे रुळला.

डी.एड., बी.एड. केलेल्यांना आणखी एक पाहुणा ओळखीचा असेल : एडगर डेल यांचा अनुभव शंकू. ‘वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के’ हे आकडे त्यावर छापलेले असतात. डेल यांच्या १९४६ च्या मूळ शंकूत असा एकही टक्का नव्हता, ते नंतर कुणीतरी चिकटवले. आकडे इतके गोल आहेत यावरूनच शंका यायला हवी होती.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी शैलींची तब्बल ७१ प्रारूपे मोजली आणि त्यांतली १३ बारकाईने तपासली. बहुतेकांचा पाया कमकुवत निघाला. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्याहून नेमका प्रश्न विचारला : शैली जुळवून शिकवले तर फायदा होतो, हे सिद्ध करायला कोणता पुरावा लागेल? समजा वर्गात ४० मुले आहेत. चाचणीनुसार २० ‘दृक्’, २० ‘श्राव्य’. दोन्ही गटांतली निम्मी निम्मी मुले चिठ्ठी टाकून आकृतीने शिकवायची, उरलेली फक्त बोलून. शेवटी सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. दृक् मुले आकृतीने पुढे गेली आणि श्राव्य मुले बोलण्याने, तरच सिद्धांत खरा. दोन्ही गट आकृतीनेच पुढे गेले, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या धड्याला आकृती चांगली. अशा कसोटीला उतरणारे अभ्यास त्यांना जवळजवळ सापडलेच नाहीत, आणि जे होते त्यांतले बरेच उलट उत्तर देत होते. २०१५ मध्ये बेथ रोगाउस्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एकच मजकूर कुणाला ऐकवून, कुणाला वाचायला देऊन पाहिला. आवडीच्या माध्यमाने आकलन वाढले नाही, लगेचही नाही आणि दोन आठवड्यांनीही नाही.

तरीही २०१२ मधल्या पाहणीत ब्रिटनमधले ९३ टक्के आणि नेदरलँड्समधले ९६ टक्के शिक्षक ही कल्पना खरी मानत होते. आपल्याकडे तिला आणखी एक फाटा फुटला : बोटांच्या ठशांवरून मुलाची शैली सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी. तिला शास्त्रीय आधार नाही आणि पालकांकडून पैसे मात्र हजारोंत घेतले जातात.

मग पद्धत ठरवायची कशावरून? आधी आशयावरून. नकाशा सगळ्यांना पाहूनच कळतो, उच्चार सगळ्यांना ऐकूनच. तिसरीतली ५२ वजा २७ घ्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा : चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे काढले, दोन उरले. पंचवीस. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी वहीत दशकाचा ५ खोडून ४ आणि एककावर १२ लिहायचे, तोंडाने ‘एक दशक सुटा केला’ म्हणायचे. नंतर काड्यांऐवजी रेघा आणि ठिपके, मग नुसते अंक. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कृती, चित्र, चिन्ह ही वाट हीच, आणि ती वर्गातल्या प्रत्येक मुलाने चालायची असते. बिघडते ते असे : तीन दिवस नुसत्या काड्या, चौथ्या दिवशी नुसते अंक. काड्या आणि अंक यांचा सांधाच जुळत नाही. मग मूल ‘मोठ्यातून लहान’ या सवयीने सातातून दोन वजा करते आणि उत्तर ३५ लिहिते. अशा मुलाला ‘कृतिप्रधान’ ठरवून पुन्हा काड्यांकडे पाठवले, तर तो सांधा कधीच जुळत नाही.

स्लाइडवर पूर्ण परिच्छेद लावून तोच शब्दशः वाचून दाखवणे हीदेखील शैलींच्या नावाखाली आलेली सवय, ‘दोन्ही प्रकारच्या मुलांची सोय’ म्हणून. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्रासोबत बोलणे उपयोगी ठरते. त्यावर तोच मजकूर पुन्हा छापला की लक्ष विभागते आणि आकलन घटते. कविता किंवा नवी भाषा शिकवताना गोष्ट वेगळी, तिथे अक्षर आणि आवाज एकत्रच हवेत.

उजळणीतही शैलीचा संबंध नाही. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, किंवा मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. वर्गात हे करायला खर्च शून्य : तास संपण्याआधी पाच मिनिटे पुस्तक बंद, आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून स्वतःच तपासा. तपासणे गाळले तर चुकीचेच पक्के होते.

एक खबरदारी. मागच्या बाकावरचे मूल फळ्याकडे न बघता ऐकूनच शिकत असेल, तर ‘श्राव्य’ असा शेरा मारण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. दृष्टी, श्रवण आणि डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता या गरजा आहेत, आवडीनिवडी नव्हेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

आणि शेवटी पातळी. क्रॉनबाख आणि स्नो यांना जे दिसले, त्याच्या अगदी जवळ जाते १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचे काम : इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीवर गट. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतली वाचनाची तपासणी एकेका मुलासोबत काही मिनिटांत होते. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून. तो सहज वाचला, तीनपेक्षा जास्त चुका नाहीत, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. अडला तर पाच शब्द, त्यांतले चार बरोबर हवेत. तेही न जमले तर पाच अक्षरे. वाचन तुटक असेल, मूल शब्द सुटे सुटे वाचत असेल, तर परिच्छेद जमला असे धरत नाहीत. यातून निघालेले गट वर्षभर तसेच ठेवणे ही नेहमीची चूक. अक्षरांच्या गटातले मूल दोन-तीन आठवड्यांत शब्दांवर पोचलेले असते आणि तरीही बाराखडीच्या तक्त्यासमोर बसून राहते.