‘झीज’ हा शब्द कुठून आला

आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढला, ‘झीज झालीये’ एवढंच तिनं ऐकलं आणि त्या दिवसापासून पर्वतीच्या १०३ पायऱ्या राहिल्या बाजूला, घरचा एक जिनासुद्धा ती टाळायला लागली, का तर अजून झिजेल म्हणून. मग मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला.

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत संधिगत वात येतो, हवा भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज आणि सांधा आखडताना-पसरताना कळ. इंग्लंडात विल्यम हेबर्डन या डॉक्टरनं बोटांच्या पेरांवरच्या गाठी लिहून ठेवल्या, ते पुस्तक तो गेल्यावर १८०२ ला आलं. माझ्या आजीच्या बोटांना अशाच गाठी होत्या, आम्ही समजायचो पोळ्या लाटून आल्यात.

१८९५ मध्ये एक्सरे आला आणि १९५७ मध्ये केलग्रेन-लॉरेन्स यांनी एक्सरेवरून झिजेच्या ० ते ४ अशा ग्रेड ठरवल्या, रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहितात ते हेच. मला वाटतं घोळ इथे झाला. साध्या एक्सरेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, दिसतच नाही, दिसते ती हाडांमधली फट, आणि फिल्म वाईट असून नीट चालणारी माणसं असतात तशीच फिल्म बरी असून कळवळणारी पण. लोकांच्या डोक्यात मात्र गुडघा म्हणजे गाडीचा टायर, वापरला की संपला. अहो पण तो जिवंत आहे! कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, म्हणजे बसून राहणं हीच तिची उपासमार. वजनाची गोष्ट मात्र वेगळी, २००५ च्या एका अभ्यासात एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी झालेला दिसला.

ऑपरेशनचं नाव घरोघरी पोचलं ते २००० साली वाजपेयींचा गुडघा मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला तेव्हा. पुण्यात डॉ. संचेतींनी भारतीय बनावटीचा ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा आणला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं किमतीला लगाम घातला, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. गरज असेल त्यांच्यासाठी हे फार मोठं काम झालं.

आईला अजून तरी ती गरज नाही. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घेतलीये, फिजिओनं सांगितल्याप्रमाणे त्याच खुर्चीत पाय सरळ करून दहा आकडे मोजते आणि संध्याकाळी सारसबागेत हळूहळू एक चक्कर, परवा म्हणाली उद्या दोन मारू.