कललेलं विमान आणि बाटलीतलं पाणी

गोव्याहून मुंबईला येताना पश्चिमेचा वारा असेल, तर विमान आधी शहराच्या पूर्वेला जातं आणि मग धावपट्टीकडे वळतं. त्या वळणावर एका बाजूच्या खिडकीत नुसतं आकाश, दुसरीकडे थेट इमारती. अशा चित्रफितींवर ‘विमान उलटता उलटता वाचलं’ असं लिहून लोक त्या पुढे पाठवतात. हे साफ चूक आहे. विमान वळायचं असेल तर ते कलायलाच हवं.

पंखांवरचा उचल-बळाचा जोर पंखांना काटकोनात असतो. विमान कललं की त्याचा एक भाग वजन तोलतो आणि उरलेला विमानाला वळणाच्या आत खेचतो. प्रवासी विमानं एरवी 25 ते 30 अंशांपलीकडे कलवत नाहीत. 25 अंशांवर 60 किलोच्या माणसाला आपण 66 किलोचे झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

आता समोरच्या खिशातली अर्धी भरलेली पाण्याची बाटली सीटच्या पाठीला समांतर उभी धरा. वळण नीट घेतलं असेल तर पाणी तिरकं होत नाही, त्याची पातळी विमानाच्या जमिनीशी समांतरच राहते! गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा परिणाम मिळून ‘खाली’ ही दिशाच विमानासोबत कलते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही त्याच पाण्यासारखी फसते. कान म्हणतो सरळ, डोळा म्हणतो तिरकं, आणि ही विसंगती मेंदूला भीतीसारखी जाणवते.

मग उतरतानाच वळण एवढं जोरकस का? वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले कलण्याच्या कोनाचा टॅन्जंट). म्हणजे कोन तोच ठेवून वेग निम्मा केला की त्रिज्या चौथाई. 25 अंशांवर ताशी 900 किलोमीटर वेगाला ती साडेतेरा किलोमीटरच्या पुढे जाते, ताशी 350 ला जेमतेम दोन. काटकोनातलं वळण वरच्या वेगाला जवळजवळ दीड मिनिट घेतं, खाली अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यात जमीन जवळ, म्हणून घरं सरकताना दिसतात. दहा किलोमीटर उंचीवर तेवढंच कललेलं विमान कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाँगकाँगच्या जुन्या काई ताक विमानतळावर, 1998 मध्ये तो बंद होईपर्यंत, वैमानिक कौलूनच्या इमारतींवर अगदी कमी उंचीवर 47 अंश दिशा बदलून धावपट्टी गाठत. तिथेही गणित हेच होतं, फक्त चुकायला जागा फार थोडी होती.