टोळीत शिरलेला पोलीस आणि दुपट्टा झटकणारं गिऱ्हाईक

टीव्हीवर गुन्हेगारी मालिकेचा ‘अंडरकव्हर’वाला भाग लागला की आमच्या घरी कोणीतरी हमखास म्हणतं, "असंच त पकडलं होतं न त्या बाईले!" नाही हो, तसं नव्हतं पकडलं. ती बाई चोरून दारू विकायची, तिच्यावर धाड पडली तेव्हा मी तिथे होतो, पंच म्हणून. टीव्हीतला तो प्रकार वेगळा आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातला बनावट गिऱ्हाइकाचा वेगळा, पण बातम्यांत, चावडीवर, पानठेल्यावर दोन्ही एकाच नावानं खपतात.

टीव्हीतला आधी घेऊ. ‘सीआयडी’ १९९८ साली सोनीवर सुरू झाली तेव्हापासून विदर्भातल्या खेड्यांनी हा साचा पाठ केला आहे. दाढी वाढवलेला इन्स्पेक्टर खोटं नाव घेऊन टोळीत शिरतो. म्होरक्याला संशय येतो, तो त्याच्या हातात पिस्तूल देऊन म्हणतो, "उडव याला." इन्स्पेक्टरचं खरं नाव फक्त एका साहेबाला माहीत असतं आणि तो साहेब नेमका जाहिरातीच्या आधी मरतो. (साहेबानं एका कागदावर लिहून ठेवलं असतं तर निम्मे भाग वाचले असते.)

प्रकार मात्र खोटा नाही. अमेरिकेत एफबीआयचा जोसेफ पिस्तोन १९७६ पासून १९८१ पर्यंत ‘डॉनी ब्रास्को’ या नावानं, दागिन्यांचा चोर बनून, न्यूयॉर्कच्या बोनानो माफिया घराण्यात वावरला. त्याच्या कामातून पुढे शंभराहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. लंडनच्या पोलिसांनी १९६८ मध्ये आंदोलकांत माणसं पेरायला एक खास पथक काढलं. त्यातल्या काहींनी मेलेल्या लहान मुलांची नावं आणि जन्मतारखा वापरल्या, त्यावरून तिकडे अजून चौकशी चालू आहे. म्हणजे खरा छुपा पोलीस वर्षानुवर्षं दुसऱ्याचं आयुष्य जगतो. त्याला घर लागतं, धंदा लागतो, कोणी खोदून विचारलं तर टिकेल असा भूतकाळ लागतो.

आता आपल्याकडचा. पेपरात येतं, ‘गोपनीय माहितीच्या आधारे पोलिसांनी बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला.’ वर्धा गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून दारूबंदीचा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. या पट्ट्यात बनावट गिऱ्हाईक हा रोजचा मामला. मे-जूनमध्ये मान्यता नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचं बियाणं चोरून विकलं जातं, तेव्हा कृषी विभागही असंच कोणीतरी कास्तकार बनवून पाठवतो. याचं आयुष्य वीस मिनिटांचं. त्याला ना टोळीत शिरायचं, ना कोणाचा विश्वास कमवायचा. माल मागायचा, पैसे द्यायचे, इशारा करायचा.

लाचेचा सापळा याचा भाऊबंद, पण तिथे गिऱ्हाईक म्हणजे खुद्द तक्रारदार असतो. नोटांना फिनॉल्फथेलीनची पूड लावलेली असते. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं.

आमची गोष्ट सांगतो. जमादारसाहेबांनी मला पानठेल्यावरून उचललं. "भाऊ, चला न, पाच मिन्टाचं काम हाये." पंचनाम्यात माझं वर्णन ‘स्थानिक प्रतिष्ठित’ असं झालं. हातात खर्रा, पायात तुटकी चप्पल. गिऱ्हाईक म्हणून दुसऱ्या तालुक्यातून नवा बदलून आलेला एक शिपाई होता. आमच्यासमोर त्याची झडती घेतली, खिशात आधीपासून दारू नाही हे दाखवायला. दोनशेच्या नोटेचा नंबर लिहिला. तो गेला. आम्ही कुडाच्या मागे.

"काय पाह्यजे बाबू?"

"पव्वा दे न बाई."

"कोन्या गावचा रे तू?"

"सासुरवाडीले आलो."

"कोनाचा जवाई?"

इथे तो अडकला. म्हणाला, "वरच्या मोहल्ल्यातले."

"वरच्या मोहल्ल्यातली कोनती पोरगी देल्ली रे तुले?" बाई हसली. "दारू-गिरू इकडे भेटत नाई. चहा पेते का?"

आणि शिपाई चहा पिऊन परत आला.

टीव्हीतल्या इन्स्पेक्टरला ‘कोणाचा जवाई’ हा प्रश्न कधी पडत नाही, कारण मुंबईत कोणी विचारत नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस एसटीतून उतरला की पारावर पोहोचेपर्यंत त्याच्या तीन पिढ्या निघतात. आठशे उंबऱ्यांच्या गावात पाच वर्षं सोडा, पाच दिवस दुसरं नाव घेऊन राहता येत नाही. म्हणून तर इथे सापळ्यावर भागतं. आणि गिऱ्हाईकही बहुतेक वेळा पोलीस नसतोच.

आठवड्यानं पुन्हा गेलो तेव्हा साहेबांनी गावातलाच, बाईकडे रोज बसणारा एक जण गाठला होता. त्यानं पव्वा घेतला, नोट दिली, बाहेर येऊन ठरल्याप्रमाणे खांद्यावरचा दुपट्टा झटकला. धाड पडली. पलंगाखाली मोहाच्या दारूची कॅन, मागे जमिनीत गाडलेला सडव्याचा, म्हणजे आंबवलेल्या मोहाचा ड्रम. बाटलीला लाखेचं सील, त्यावर आमच्या सह्यांची चिठ्ठी, नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली ती) झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला लावलं आहे. आमच्या वेळी होते ते फक्त पंचांचे डोळे.

कायद्याच्या नजरेतही दोघांत अंतर आहे. सापळ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्येच बजावलं होतं की जो गुन्हा आधीच आकार घेतो आहे तो पकडायला सापळा लावणं वेगळं, आणि मनात नसलेल्याला भरीस घालून गुन्हेगार करणं वेगळं. बाई रोज विकतच होती, तिथे वीस मिनिटांत हा प्रश्न येत नाही. टोळीत वर्षं काढणाऱ्याला मात्र तो रोज पडतो, कारण त्याला स्वतःलाही काहीबाही करावं लागतं. आणि ज्या खबऱ्यानं पहिली टिप दिली त्याचं नाव सांगायला पुराव्याच्या कायद्यानुसार पोलिसाला भाग पाडता येत नाही. बनावट गिऱ्हाईक मात्र नावगावासकट साक्षीदारांच्या यादीत.

हे मला कोर्टात कळलं. तारखा पडत पडत एकदाची साक्ष निघाली. दुपट्टेवाल्यानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "साहेब, मी तवा पेऊन होतो, मले काईच आठवत नाई." फितूर झाला. मी सही माझीच आहे एवढं सांगून उतरलो. जमादारसाहेबांची बदली कधीच झाली होती.

संध्याकाळची एसटी एकच होती. बाई खिडकीशी बसली, मधे दुपट्टेवाला, कडेला मी. सेलू येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग बाईनं पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, आधी त्याच्यापुढे धरली, मग माझ्यापुढे.