स्केलर लावल्याने चित्र ‘फोर-के’ होत नाही

सभागृहातील कार्यक्रमांसाठी प्रोजेक्टर आणि पडदे लावणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: लॅपटॉप आणि पडदा यांच्यामध्ये स्केलर (येणाऱ्या चित्राचे माप पडद्याच्या मापाशी जुळवणारे यंत्र) बसवला की साधे चित्रही फोर-के दर्जाचे होते. हे खरे नाही.

१२८० × ७२० च्या चित्रात ९,२१,६०० पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात, तर ३८४० × २१६० च्या, म्हणजे फोर-के, पडद्याला ८२,९४,४०० लागतात, म्हणजे बरोबर नऊपट. उरलेले आठ भाग स्केलर शेजारच्या पिक्सेलांच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. त्यामुळे मूळ स्लाइडवर पुसट असलेला आकडा पडद्यावर मोठा दिसतो, पण पुसटच राहतो.

स्केलरचे खरे काम वेगळे आणि, माझ्या मते, अधिक मोलाचे आहे. एका वक्त्याचा लॅपटॉप १०२४ × ७६८ चा, दुसऱ्याचा १९२० × १०८० चा आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमचा असेल, तर साध्या स्विचरवर (अनेक यंत्रांपैकी एकाचे चित्र निवडून पडद्याकडे पाठवणाऱ्या पेटीवर) बटण दाबताच, प्रोजेक्टर नव्या सिग्नलशी जुळवून घेईपर्यंत, पडदा काही क्षण काळा पडतो (आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिलेले असतात). स्केलर असलेला स्विचर प्रत्येक फ्रेम मेमरीत घेऊन एकाच मापाने आणि एकाच गतीने बाहेर सोडतो, म्हणून प्रोजेक्टरला बदल जाणवतच नाही. मात्र ५० फ्रेमच्या गतीत एक फ्रेम अडवणे म्हणजे २० मिलिसेकंदांचा विलंब. अशी तीन यंत्रे एकापुढे एक जोडल्यास तो ६० वर जातो आणि चित्र व आवाज जुळावेत म्हणून ध्वनियंत्रणेतही तेवढाच विलंब द्यावा लागतो.