मंडे नाइट आणि संडे नाइट: अमेरिकी फुटबॉलच्या दोन रात्रींची गल्लत

एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल लीगचे बहुतेक सामने रविवारी दुपारी, एकाच वेळी अनेक शहरांत खेळले जातात, आणि कोणत्या प्रेक्षकाला कोणता सामना दिसणार हे तो कुठे राहतो यावर ठरते. रात्री मात्र साधारणपणे एकच सामना असतो आणि तो देशभर दिसतो. त्यामुळे या खेळातील बरेच लक्षात राहिलेले प्रसंग ‘मंडे नाइट फुटबॉल’ आणि ‘संडे नाइट फुटबॉल’ या दोन प्रक्षेपणांतले आहेत, आणि कोणता प्रसंग कोणत्या रात्रीचा याची सर्रास गल्लत होते. भारतातून पाहणाऱ्यांसाठी वारांचाही घोळ आहे. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे रात्री सव्वाआठच्या सुमारास सुरू होणारा रविवारचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पावणेसहाच्या आसपास लागतो (नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की पावणेसातच्या आसपास), आणि सोमवारचा सामना मंगळवारी.

दोहोंपैकी सोमवारचे प्रक्षेपण जुने. लीगचे आयुक्त पीट रोझेल आणि एबीसी वाहिनीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख रून आर्लेज यांनी ते उभे केले. पहिला सामना २१ सप्टेंबर १९७० रोजी क्लीव्हलँड येथे झाला आणि ब्राउन्सने न्यूयॉर्क जेट्सला ३१-२१ असे हरवले. आर्लेज यांना केवळ सामना दाखवायचा नव्हता, करमणुकीचा कार्यक्रम करायचा होता. म्हणून समालोचनकक्षात त्यांनी वकिली सोडून क्रीडा पत्रकारितेत आलेले, फटकळ आणि शब्दबंबाळ हॉवर्ड कोसेल यांना, आणि त्यांची टर उडवायला माजी क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) डॉन मेरेडिथ यांना बसवले. दिवसभर क्रीडावार्ता देणाऱ्या वाहिन्या तेव्हा नव्हत्या. आदल्या दिवशीच्या इतर सामन्यांतील क्षणचित्रे पाहण्यासाठी लोक मध्यंतरात कोसेल यांचे निवेदन ऐकायला थांबत असत.

रविवार रात्रीच्या सामन्यांचा इतिहास दोन तुकड्यांचा आहे, आणि गल्लतीचे मूळ तिथेच आहे. १९८७ पासून हे सामने ईएसपीएन या केबल वाहिनीवर दिसू लागले (१९९० ते १९९७ या काळात निम्मा हंगाम टीएनटीकडे होता), पण सोमवारच्या तुलनेत त्यांचे स्थान दुय्यमच राहिले. २००६ मध्ये सगळी मांडणी उलटली. सोमवारचा सामना एबीसीकडून ईएसपीएनकडे गेला आणि रविवारचा ईएसपीएनकडून एनबीसीकडे. म्हणजे ईएसपीएनवरचा २००४ मधील रात्रीचा सामना आठवत असेल तर तो रविवारचा असण्याची शक्यता मोठी, आणि २०१० मधील असेल तर सोमवारचा. एबीसीवरचा शेवटचा सोमवारचा सामना डिसेंबर २००५ मध्ये झाला. त्यातही हरलेला संघ जेट्सच होता आणि धावफलकही पुन्हा ३१-२१ असाच होता.

वाहिन्यांबरोबर माणसांचीही अदलाबदल झाली. सोमवारचा आवाज म्हणून वीस वर्षे ओळखले गेलेले अल मायकल्स आणि त्यांचे सहकारी जॉन मॅडन हे दोघेही एनबीसीकडे, म्हणजे रविवारकडे, गेले. मायकल्स यांचा करार तेव्हा डिस्नीच्या मालकीच्या वाहिन्यांशी होता. त्यांना सोडण्याच्या बदल्यात डिस्नीने एनबीसी-युनिव्हर्सलकडून इतर काही हक्कांबरोबर ‘ऑस्वाल्ड द लकी रॅबिट’ हे वॉल्ट डिस्नी यांनी १९२७ मध्ये घडवलेले आणि नंतर हातचे गेलेले व्यंगचित्रपात्र परत मिळवले. एका समालोचकाच्या बदल्यात कार्टूनमधला ससा, हा व्यवहार अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासातही विरळाच. त्यानंतर मायकल्स यांचा आवाज कानावर पडला म्हणजे सामना सोमवारचा, ही जुनी खूण निरुपयोगी झाली.

माझ्या मते दोन्ही रात्रींतील खरा फरक सामना निवडण्याच्या पद्धतीत आहे. सोमवारचा सामना हंगाम सुरू होण्याआधीच ठरत असे आणि तो बदलता येत नसे. दोन्ही संघ मध्येच ढेपाळले तरी देशाला तोच पाहावा लागे. एनबीसीला मात्र २००६ पासूनच, हंगाम काहीसा पुढे गेल्यावर, ठरलेला सामना दुपारी ढकलून त्याजागी अधिक चुरशीचा सामना रात्री घेण्याची मुभा मिळाली. सोमवारला अशी मुभा २०२३ मध्ये मिळाली, तीही हंगामाच्या उत्तरार्धापुरती. परिणामी रविवारच्या आठवणी बहुतांशी खेळाच्या आहेत, तर सोमवारच्या अनेक आठवणी खेळाबाहेरून त्यात शिरल्या आहेत.

८ डिसेंबर १९८० ची रात्र हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मायामीत डॉल्फिन्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स १३-१३ असे बरोबरीत होते, तीन सेकंद उरले होते आणि पेट्रियट्सचा किकर जॉन स्मिथ विजयी फील्ड गोलसाठी (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून गुण मिळवण्यासाठी) मैदानात उतरत होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘बीटल्स’चे गायक जॉन लेनन यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या, आणि एबीसीचा एक वृत्तनिर्माता मोटारसायकलच्या अपघातामुळे योगायोगाने, लेनन यांना नेले त्याच रुग्णालयात उपचार घेत होता. त्याच्याकडून बातमी आर्लेज यांच्यापर्यंत आणि तिथून समालोचनकक्षात पोहोचली. कोसेल कचरले, सहकारी फ्रँक गिफर्ड यांनी आग्रह धरल्यावर, हा शेवटी एक फुटबॉलचा सामना आहे असे म्हणत, त्यांनी लेनन यांच्या मृत्यूची बातमी सांगितली. असंख्य अमेरिकी लोकांना ती अशी कळली. लेनन स्वतः १९७४ मध्ये याच प्रक्षेपणाच्या समालोचनकक्षात कोसेल यांच्याशी गप्पा मारायला येऊन गेले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. स्मिथची किक अडवली गेली आणि मायामीने जादा वेळेत सामना १६-१३ असा जिंकला. तो निकाल आज फारसा कोणाला आठवत नाही.

वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरच्या टॅकलखाली (पकडून खाली पाडताना) मोडला आणि त्याची कारकीर्द संपली, तोही सामना सोमवारचाच. २४ सप्टेंबर २०१२ रोजी सिअ‍ॅटलमध्ये शेवटच्या चेंडूवर शेजारी उभ्या असलेल्या दोन बदली पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या आणि ग्रीन बे पॅकर्स १४-१२ असे हरले. दोनच दिवसांत लीगने संपातील नव्हे तर टाळेबंदीत बाहेर ठेवलेल्या नेहमीच्या पंचांशी तडजोड केली. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन मैदानावर कोसळला, त्याचे हृदय थांबले होते; सामना थांबवण्यात आला आणि पुढे रद्द झाला. हॅमलिन त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला.

रविवारच्या बाजूला याच्या जोडीला ठेवण्यासारखा प्रसंग १५ नोव्हेंबर २००९ चा आहे, पण त्याची जात पूर्ण वेगळी आहे. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात आणि चौथ्यात धोका दिसला की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याचा प्रघात आहे. इंडियानापोलिसमध्ये ३४-२८ अशी आघाडी, जेमतेम दोन मिनिटे शिल्लक आणि चेंडू स्वतःच्या २८ यार्ड रेषेवर, अशा वेळी पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी हा प्रघात मोडून उरलेले दोन यार्ड मिळवण्याचा आदेश दिला. प्रयत्न थोडक्यात फसला, कोल्ट्सच्या क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपलीकडे पोहोचवण्याचा) पास टाकला आणि कोल्ट्स ३५-३४ असे जिंकले. निर्णय मूर्खपणाचा होता की गणिताला धरून होता, यावर पुढे कित्येक महिने वाद झडला. माझे मत बेलिचिक यांच्या बाजूचे आहे, कारण मॅनिंगसारख्या खेळाडूच्या हाती चेंडू न देणे हाच त्या क्षणी उत्तम बचाव होता. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी जायंट्सच्या ओडेल बेकहॅम ज्युनिअरने मागे झुकत एका हाताच्या काही बोटांत पकडलेला टचडाउनचा झेल रविवारचाच. सामना मात्र डॅलसने जिंकला.

विक्रमांच्या बाबतीत गोंधळ सर्वाधिक होतो. कारकिर्दीतील टचडाउन पासचा विक्रम मॅनिंगने ऑक्टोबर २०१४ मध्ये ५०९ वा पास टाकून मोडला, तो रविवारी रात्री डेन्व्हरमध्ये; मॅनिंगचा ५३९ चा आकडा ड्रू ब्रीझने डिसेंबर २०१९ मध्ये ओलांडला, तो सोमवारी रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये.

काही प्रसंग तर या दोन्ही रात्रींचे नाहीतच. जेट्सचा मार्क सांचेझ स्वतःच्याच सहकाऱ्याच्या पार्श्वभागावर आदळला आणि त्याच्या हातून चेंडू निसटला, ते हास्यास्पद दृश्य २२ नोव्हेंबर २०१२ चे, म्हणजे थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या गुरुवारचे. वाहिनी एनबीसी आणि समालोचक रविवारचेच असल्याने ते रविवारच्या खात्यात जमा होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने गोल रेषेवर प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलून केलेली चेंडूची चोरीही एनबीसीवर, रविवारी आणि मायकल्स यांच्याच आवाजात घडली, पण तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना होता.