देवदूत व निसर्गशक्ती : ईश्वराचे सेवक

वारा, वीज, गारा, मेघ, समुद्र हे ईश्वराचे ताबेदार आहेत, ही कल्पना यहुदी, ख्रिस्ती व इस्लामी धर्मग्रंथांत सर्वत्र आढळते. त्यांना स्वतःची मर्जी नसते. ते पाठवले जातात, नेमलेले काम करतात आणि हुकूम झाला की थांबतात. देवदूतांचेही तसेच. म्हणून एखादे काम वाऱ्याने केले की देवदूताने, हा प्रश्न या ग्रंथांत पुष्कळदा निकालात काढलेलाच नसतो.

याचे मूळ दोन हिब्रू शब्दांत आहे. ‘मलाख’ म्हणजे निरोप्या, जासूद. हे हुद्द्याचे नाव आहे, जातीचे नव्हे. बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या, ‘उत्पत्ती’च्या, ३२व्या अध्यायात पहिल्या ओवीत याकोबाला देवाचे दूत भेटतात आणि तिसऱ्या ओवीत तो स्वतः आपल्या भावाकडे, एसावाकडे, जासूद पाठवतो. हिब्रूत दोन्हीकडे शब्द एकच. लॅटिन भाषांतराने स्वर्गीय दूताला ‘आंजेलुस’ आणि माणसाला ‘नुंतियुस’ असे दोन शब्द वापरले. मराठीतही ‘देवदूत’ व ‘जासूद’ वेगळे पडले आणि मुळातला सांधा दिसेनासा झाला. दुसरा शब्द ‘रूआख’. त्याचे अर्थ तीन : वारा, श्वास, आत्मा. कोणता घ्यायचा हे संदर्भ ठरवतो, आणि संदर्भ नेहमीच स्पष्ट असतो असे नाही.

हे दोन्ही शब्द बायबलमधील स्तोत्र १०४:४ मध्ये (म्हणजे १०४व्या स्तोत्राच्या चौथ्या ओवीत) एकत्र येतात. मूळ ओळ अवघ्या सहा शब्दांची : ‘करणारा, त्याचे दूत, वारे, त्याचे सेवक, अग्नी, धगधगता’. कशाला काय केले, हे हिब्रू वाक्यरचना एकेरी अर्थाने सांगत नाही. ‘वाऱ्यांना आपले दूत करतो’ किंवा ‘आपल्या दूतांना वारे करतो’, दोन्ही अर्थ बसतात. आधीच्या ओवीत ईश्वर मेघांचा रथ करतो आणि वाऱ्याच्या पंखांवरून जातो. सारे वर्णन आभाळाचे आहे. तेव्हा स्तोत्रात पहिला अर्थ जास्त सरळ. हिब्रू धर्मग्रंथाच्या ‘सप्तती’ या प्राचीन ग्रीक भाषांतराने मात्र ‘दूत’ या शब्दाला निश्चयवाचक उपपद (इंग्रजी ‘the’सारखे) लावले आणि अर्थ दुसरीकडे झुकला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र १:७ मध्ये हाच ग्रीक पाठ उद्धृत आहे, कारण तिथला युक्तिवाद देवदूतांबद्दल आहे : ते घडवलेले आहेत, पुत्र (येशू) सिंहासनावर आहे. दोन ठिकाणी दोन अर्थ दिसले की वाचक गोंधळतो. एक ओळ दुसरीसारखी करून टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय, पण चुकीचा. तळटीप देणे बरे.

देवदूत अजिबात न आणता हीच कल्पना योनाच्या पुस्तकात सर्वांत नीटनेटकी मांडली आहे. ‘नेमणे’ या अर्थाचे हिब्रू क्रियापद तिथे चारदा येते : मोठा मासा नेमला, सावलीचा वेल नेमला, वेल कुरतडणारा किडा नेमला, उष्ण पूर्वेचा वारा नेमला. चौघेही बिनतक्रार हजर होतात. पळ काढतो तो फक्त संदेष्टा योना. ईयोब ३८:३५ मध्ये विजा ‘आम्ही हजर आहोत’ असे म्हणतात. अब्राहामाने ईश्वराच्या हाकेला दिलेले उत्तर याच शब्दाचे एकवचन आहे.

काही उताऱ्यांत दूत आणि निसर्ग शेजारी शेजारी काम करतात. निर्गम १४ मध्ये देवाचा दूत इस्राएल लोकांच्या छावणीच्या पुढून मागे जातो, मेघस्तंभही मागे जातो आणि पूर्वेचा जोराचा वारा रात्रभर वाहून समुद्र हटवतो. २ शमुवेल २४ मध्ये मरीने ७०,००० माणसे मरतात. पुढच्याच ओवीत दूत यरुशलेमवर हात उगारतो आणि अरवना यबूसीच्या खळ्यापाशी त्याला थांबवले जाते. इथे मरी आणि दूत ही दोन वेगळी कारणे मोजायची नाहीत. एकाच घटनेची ती दोन वर्णने आहेत.

सेवक म्हटल्यावर पूजा आपोआप बाद होते. उगारित या सीरियातील प्राचीन नगराच्या मृत्तिका-पाट्यांत बाल या वादळदेवाला ‘मेघारूढ’ म्हटले आहे. स्तोत्रांनी तीच प्रतिमा उचलली, पण वादळाला देवपण दिले नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक (४:१९) सूर्य-चंद्र-ताऱ्यांपुढे वाकायला मनाई करते. १ राजे १९ मध्ये वारा, भूकंप, अग्नी एकापाठोपाठ येतात आणि परमेश्वर त्यांत नव्हता असे तीनदा सांगितले जाते. प्रकटीकरण २२:९ मधला दूत तर पाया पडणाऱ्याला थांबवून ‘मीही तुझ्यासारखाच दास’ म्हणतो. मराठी वाचकाच्या मनात ‘वायू’ म्हटले की देवता येते, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा. तरी केनोपनिषदातील वायूला ब्रह्मापुढे गवताची काडीही हलवता येत नाही, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

प्रत्येक वादळ म्हणजे शिक्षा असा अर्थ लावणे ही नेहमीची चूक. ईयोब ३७:१३ पावसाळी मेघांचे तीन हेतू देते : शासन, भूमीची गरज, दया. त्याच पुस्तकात ईयोबाची मुले मोठ्या वाऱ्याने घर कोसळून मरतात, आणि त्यात त्यांचा अपराध नव्हता हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

पुढच्या काळात दूतांमध्ये खातेवाटप झाले. ‘योबेल’ या प्राचीन यहुदी ग्रंथात (२:२) पहिल्याच दिवशी अग्नी, वारे, मेघ, हिम, गारा यांचे दूत निर्माण होतात. प्रकटीकरणात चार दूत पृथ्वीचे चार वारे धरून ठेवतात (७:१), एकाचा अग्नीवर अधिकार आहे (१४:१८), एकाचा पाण्यावर (१६:५). तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात, ईश्वरनिष्ठ माणसांना टाकलेली भट्टी थंड करायला गारांचा अधिपती युरकमी पुढे येतो. अग्नीचा अधिपती गब्रिएल त्याला अडवून ते काम स्वतःकडे घेतो, कारण गारांनी आग विझण्यात नवल ते काय! योहान ५:४ मधला तळ्याचे पाणी हलवणारा दूत मात्र सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ती ओवी पुढे समासातून आत आली असावी.

कुराणात गर्जना आणि फरिश्ते एकाच आयतीत ईश्वराची स्तुती करतात (१३:१३). ५१व्या सूरेच्या आरंभी चार शपथा आहेत : विखुरणारे, ओझे वाहणारे, सहज चालणारे, वाटणी करणारे. रूढ भाष्यानुसार हे अनुक्रमे वारे, मेघ, नौका आणि फरिश्ते. परंपरेने पाऊस मीकाईल या फरिश्त्याकडे सोपवलेला आहे.

मायमॉनिडीझ (मृत्यू १२०४) या यहुदी तत्त्वज्ञाने ‘मोरे नेवुखीम’ या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या साऱ्याला तत्त्वज्ञानाची चौकट दिली. त्याच्या मते निसर्गातील प्रत्येक शक्ती हीच मलाख, आणि त्याचा आधार स्तोत्र १०४:४. त्याचा दृष्टांत असा : ईश्वर दूत पाठवतो आणि तो गर्भाशयात शिरून गर्भ घडवतो, असे एखाद्या भाविकाला सांगा, तो लगेच मान डोलावेल, पण ईश्वराने बीजातच घडवण्याची शक्ती ठेवली आहे आणि तीच दूत, असे म्हणा, की तो बिचकतो.