केए-२३ म्हणजे वेगळा जिल्हा नव्हे

निपाणीच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या गाडीची पाटी ‘केए-२३-एफ’ अशी वाचली की ‘चिक्कोडी जिल्हा झालासुद्धा’ असे कुणीतरी हमखास म्हणतो. ही समजूत चुकीची आहे. राज्याच्या अक्षरांनंतरचे दोन अंक जिल्ह्याचे नसून नोंदणी करणाऱ्या परिवहन कार्यालयाचे असतात; म्हणूनच एकट्या बेळगाव जिल्ह्यात २२ बेळगावचा, २३ चिक्कोडीचा, २४ बैलहोंगलचा आणि ४९ गोकाकचा असे चार क्रमांक सर्रास दिसतात.

पुढच्या अक्षरावरून तालुका ओळखता येतो, हीही अशीच एक लोणकढी थाप. कर्नाटकात ‘एफ’ परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांना आणि ‘जी’ सरकारी वाहनांना मिळते. इतर मालिकांत ९९९९ पर्यंतचे आकडे संपले की नवी अक्षरे सुरू होतात, मात्र एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून ‘आय’ व ‘ओ’ वगळतात.

कोल्हापूरची ‘एमएच-०९’ गाडी सीमा ओलांडताच पाटी बदलावी लागत नाही. बारा महिन्यांहून अधिक काळ ती कर्नाटकात ठेवल्यास मात्र नवा क्रमांक घ्यावा लागतो. पाहुण्यांनी निर्धास्त यावे.